आडवं पडून पाहिलेलं छत

प्रिय प्रज्ञा,

सप्रेम जयभीम.

हे पत्र तुमच्या घरी न पाठवता साक्री रोडवरच्या तुझ्या पीओपी छतांच्या गाळ्याच्या पत्त्यावर पाठवतेय. पत्ता तुझ्या कार्डावर होता. म्हणजे ते आधी तुझ्याच हातात पडेल. मी आकाशची आई, हेमलता. मागच्या रविवारी देवपुरात तुमच्याकडे तुला बघायला जळगावहून जी मंडळी आली होती, त्यातली जांभळ्या साडीतली, अंगाने जाड, सारखी मान वर करून बसलेली बाई. ओळखलंसच असशील, कारण त्या दिवशी मी जे केलं ते तुमच्या गल्लीत अजून सांगत असतील. फोन का नाही केला म्हणशील, तर आमच्या घरात माझा फोन म्हणजे सगळ्यांचा फोन. मी 'हॅलो' म्हटलं की आतल्या खोलीतून 'कोण गं?' येतंच. तेव्हा कागदच बरा. आमच्याकडून होकार गेलाय, हे तुला कळलं असेल. तुझ्या पप्पांनीही आमची काही हरकत नाही म्हणून कळवलंय. बुद्धपौर्णिमेला साखरपुड्याची तारीख धरायची असं दोन्हीकडचे पुरुष ठरवून मोकळे झालेत. फक्त तू हो म्हणालीस की नाही, हे कुणीच ऐकलेलं नाही. बाकी कुणाला ते ऐकायची गरज वाटत नाहीये. मला वाटतेय, म्हणून बसले लिहायला.

आधी आमच्या छताची कर्मकथा सांगते, म्हणजे तुमच्या हॉलमध्ये पाऊल टाकल्यावर माझं काय झालं ते तुला समजेल. आकाश बँकेत लागला तेव्हा ह्यांनी ठरवलं, आता स्थळं येणार, घर जरा दिसायला हवं. मोबाईलवर चित्रं बघून बघून डोळे लाल केले आणि एक पसंत केलं. छताच्या मधोमध मोठं धम्मचक्र, भोवती कमळाच्या पाकळ्या, पाकळ्यांच्या मागून निळा दिवा. करणाऱ्या माणसाचा हात चांगला होता बिचाऱ्याचा, पण आम्ही त्याला काही सुचू दिलं तर ना. चक्र झालं, सुरेख झालं. मग लक्षात आलं की मधोमध पंख्याची कडी आहे. जळगावात पंख्याशिवाय राहायचं कसं? झालं, चक्राच्या बरोबर मध्यातून पंख्याची दांडी खाली आली. तेव्हापासून आमच्याकडे पंखा गरगरतो आणि चक्र जागच्या जागी. येणारेजाणारे म्हणायचे, वा, काय कल्पना आहे! आणि आम्हाला खरंच वाटायचं की आपण काहीतरी विचार करून केलंय.

मग आला मे महिना. आपल्याकडचा मे काय असतो ते तुला मी काय सांगू. खिडकीत लोखंडी कूलर दिवसभर घरघरतोय, आणि संध्याकाळी गच्ची निवावी म्हणून वर बादल्यांनी पाणी ओततोय, कारण झोपायचं तिथेच. वरून स्लॅब पाणी पितोय, खालून कूलरची ओली हवा, आणि दोघांच्या मधे आमचं पीओपी. आधी पिवळे डाग पडले. मग पाकळ्या फुगल्या. आणि ह्यांचे साहेब सहकुटुंब जेवायला आले त्या दिवशी एक पाकळी सुटली ती थेट शेवभाजीच्या पातेल्यात. साहेब मोठ्या मनाचे. त्यांनी चमच्याने ती हलकेच बाजूला काढली, भाजी छान झालीय म्हणाले आणि जेवत राहिले. मी मात्र त्या दिवसापासून कुठल्याही घरी गेले की आधी वर बघते आणि मग बसते.

तर त्या सवयीने तुमच्याकडेही वर बघितलं. पहिल्या नजरेत काहीच नाही असं वाटलं. पांढरं, शांत. मनात म्हटलं, चला, साधी माणसं आहेत. मग डोळे सरावले तशा रेघा दिसायला लागल्या. ज्या कोपऱ्यात तथागतांची मूर्ती ठेवलीय तिथून निघालेल्या, विहिरीत खडा पडल्यावर पाणी हलतं तशा एकीमागून एक पसरत आलेल्या. पंख्यापाशी आल्यावर त्याला हळूच वळसा घालून पुढे गेलेल्या, कुठेही न तुटता. अगं, मी जन्मभर ब्लाउज शिवलेत. गोल गळ्याला गोट लावताना पट्टी तिरपी, उरेबी कापली नाही तर चुणी पडतेच पडते, मग कितीही ओढा. तुझ्या वळणाला कुठे चुणी नव्हती. दिवेही पंख्याच्या पात्यांपासून लांब. आमच्याकडे ते पात्यांच्या बरोबर वर आहेत, पंखा लावला की अख्खा हॉल डोळे मिचकावतो. पाहुण्यांना वाटतं लाईट जाणार.

फक्त खिडकीच्या बाजूला हातभर पट्टा कोरा होता. मला राहवलं नाही. तू सरबताचा ट्रे घेऊन आलीस आणि मी तुझं शिक्षण, वय, स्वयंपाक काही न विचारता आधी ते विचारलं, की पोरी, तिथलं काम राहिलं का. तू ट्रे खाली ठेवलास आणि म्हणालीस, "नाही काकू, तिथे कूलर लागतो. ओली हवा आधी तिथेच धडकते. म्हणून तिथे पीओपी घेतलंच नाही, साधा गिलावा आहे. कूलरला जागा सोडलीय." मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. कूलर सगळ्या खान्देशात, आणि तो छत काढताना कुणाच्या लक्षात येत नाही! मग ह्यांनी विचारलं, की एवढं सगळं केलंत तर मधोमध चक्र का नाही घेतलंत. तू तितक्याच शांतपणे सांगितलंस, की मध्ये पंखा आहे काका, पंख्याच्या दांडीला चक्र बांधणं मला पटत नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. हसू दाबता दाबता मला ठसका लागला आणि तुझी आई, प्रमिलाबाई, बिचारी पाणी घेऊन धावली. तेव्हा खरं कारण सांगता आलं नाही, आता सांगून टाकलं.

आणि मग ते आडवं होणं. मी विचारलं होतं, की कुठल्या घरात काय काढायचं हे तू ठरवतेस कसं. तू म्हणालीस, की आधी कागद काढतच नाहीस. मोकळ्या खोलीत चटई टाकतेस, घरातल्या एकेकाला त्यावर आडवं व्हायला सांगतेस, म्हाताऱ्यांना, पोरांना, सगळ्यांना, आणि वर बघत राहू देतेस. मग विचारतेस, नजर कुठे जातेय. "छत उभ्या माणसासाठी नसतं काकू, आडव्या माणसासाठी असतं." हे ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की मग मी होऊ का आडवी? ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मुलगी बघायला आलेली बाई मुलीच्या घरी जमिनीवर पसरणार! पण तू हसली नाहीस, लाजली नाहीस, आत जाऊन चटई घेऊन आलीस. नव्या साडीच्या निऱ्या सावरत मी झाले आडवी. आणि काय सांगू प्रज्ञा, ते छत वर गेलं. बसून बघताना नुसत्या रेघा होत्या, पडून बघताना त्या हलल्यासारख्या वाटल्या, वरचा स्लॅब कुणी अलगद उचलून धरल्यासारखा वाटला. माझे डोळे भरून आले. साडीची घडी मोडली म्हणून असेल असं तुझ्या आईला वाटलं असणार.

मी तशी पडलेली असतानाच माझ्या डोक्यावरून पुरुषांचं बोलणं चाललं होतं. खाली पडलेल्या माणसाला ऐकू येत नाही असं लोकांना वाटतं की काय कोण जाणे. हे म्हणाले, कला उत्तमच आहे, पण लग्नानंतर हे परांचीवर चढणं, गड्यांबरोबर गावोगाव फिरणं बरं दिसायचं नाही. घरी बसून कॉम्प्युटरवर काय नक्षी काढायची ती काढावी, आम्ही काही जुन्या विचारांचे नाही. आणि तुझे पप्पा, गुलाबराव, लगेच म्हणाले, बरोबर आहे, तिलाही आता तेच हवंय. मला खालून तुझा चेहरा दिसत होता. समोरून माणूस चेहरा सावरतो, खालून बघणाऱ्यापुढे नाही सावरता येत. तू बोलायला तोंड उघडलंस आणि मिटून घेतलंस. मग वाकून मला उठायला हात दिलास. पीओपीने कोरडा, खरखरीत झालेला हात. मी उठले, साडी झटकली आणि सगळ्यांबरोबर पेढा खाल्ला.

परतताना गाडीत पारोळ्यापर्यंत फक्त तुझाच विषय. आकाशने छताचे फोटो काढले होते, ते मित्रांना पाठवून झाले. हे तर इतके खूश, की आमचा हॉल उकरून तुझ्याच हातून नवा करून घ्यायचा बेत एरंडोल यायच्या आत पक्का झाला. घरचीच मुलगी, मनासारखं करेल म्हणाले. मी म्हटलं, म्हणजे आपल्या हॉलमध्ये परांचीवर चढलेली चालेल? त्यावर दोघेही जोरात हसले. मीही हसले. घरी येऊन साडीची घडी करताना मात्र मला त्यात हसण्यासारखं काही सापडेना.

तू बोलता बोलता अमळनेरच्या एका कामाचं नाव घेतलं होतंस. माझी बहीण लताबाई तिथेच असते. तिला बघून येते अशी घरी थाप मारली आणि एसटी पकडली. लताबाईला घेऊन विचारत विचारत तू छत केलेलं द्रौपदाबाईंचं घर गाठलं. म्हातारी भारी खट. आम्ही कोण, कुठल्या, काही न विचारता म्हणाली, "छत देखाले उन्यात ना? बठ्ठा लोके वर देखतस, मना तोंडकडे कोनी देखत नही." सगळे वरच बघतात, तिच्या तोंडाकडे कुणी बघत नाही, अशी तिची तक्रार; तरी तिनेच छतातला तो वाकडा बीम आम्हाला दाखवला. खोली मागून वाढवलेली, त्यामुळे बीम तिरका गेलेला. तिचा मुलगा म्हणत होता झाकून टाका. तू म्हणालीस, झाकायचा तर अख्खं छत खाली घ्यावं लागेल, उन्हाळ्यात घरात जीव गुदमरेल. आणि तू त्या बीमपासून भिंतीपर्यंत पाभरीने पेरलेल्या ओळींसारख्या तिरप्या ओळी काढल्यास. आता तो बीम शेताच्या बांधासारखा दिसतो. कुणी म्हणणार नाही की ही गवंड्याची चूक होती. लताबाई रोखठोक, कोरडी बाई, तिला कशाचं कौतुक नाही, तीसुद्धा पदर खोचून मान वर करून उभी राहिली.

द्रौपदाबाईंनी मला आणखी एक सांगितलं. घरातल्या सगळ्यांना चटईवर आडवं करून झाल्यावर तू कागदावर सरळ ओळी काढून आणल्या होत्यास. मग परांचीवर चढलीस, बीमवर तळहात ठेवून बराच वेळ तशीच उभी राहिलीस, आणि वरूनच गड्याला सांगितलंस, हे नाही करायचं, दोरी आण. झालेला एक तुकडा तोडायला लावलास. डोक्याला रुमाल, भुवयांवर पांढरी भुकटी, मान मागे टाकून दिवस दिवस काम. उतरायचीस तेव्हा मान ताठलेली असायची आणि तू हसत असायचीस. म्हातारी म्हणाली, "ती पोर वर चढस ना, तवय तिना तोंडवर येगळाच उजेड ऱ्हास." वर चढल्यावर तुझ्या तोंडावर येणाऱ्या त्या उजेडाचं ऐकलं आणि मला चटईवरून दिसलेला तुझा चेहरा आठवला. एसटीत खिडकीशी बसून मी घरापर्यंत त्याच विचारात होते. घरी बसून कॉम्प्युटरवर तो बीम तुला कसा सापडला असता?

आता माझं थोडं ऐक. मला शिवणकाम बंद कर असं आमच्या घरात कधीही, कुणीही म्हटलेलं नाही. हे शपथेवर सांगते. मी लग्नात मशीन घेऊन आले. हॉलमध्ये खिडकीपाशी ठेवलं, भरपूर उजेड, बायका बसून गप्पा मारत मापं द्यायच्या. पुढे पाहुण्यांना अडचण होते म्हणून ते आतल्या खोलीत गेलं. आकाशच्या अभ्यासाला आवाज नको म्हणून गॅलरीत गेलं. गॅलरीला काचा लावून तिथे वॉशिंग मशीन आलं तेव्हा जिन्याखाली गेलं. प्रत्येक वेळी कारण अगदी पटण्यासारखं होतं आणि प्रत्येक वेळी मीच ते ढकलायला हात लावला. जिन्याखाली काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. आता मी फक्त साड्यांना फॉल लावते. माझ्या हातचे कटोरी ब्लाउज घालून आमच्या अर्ध्या पिंप्राळ्याच्या पोरी बोहल्यावर चढल्यात, हे माझ्या मुलालाही माहीत नाही. भांडायचं तरी कुणाशी? भांडायला आधी कुणीतरी काही बोलायला लागतं.

आणि आकाशबद्दल. तो वाईट नाही गं. मी आजारी पडले तर खिचडी लावतो, लेकीसारखे माझे पाय चेपतो, कुणाशी वरच्या आवाजात बोलत नाही. तुमच्या गच्चीवर तुम्ही दोघं बोललात, त्या दिवसापासून तो गुणगुणतोय. म्हणून मी त्यालाच विचारायचं ठरवलं. परवा तो कूलरची जुनी ताटी काढून नवी बसवत होता. मी म्हटलं, खरं सांग, तिचं काम तुला बंद करायचंय का? तो म्हणाला, "मी कशाला बंद करू आई? लग्न तर होऊ दे. मूल झालं की तिलाच ते नको होईल." हातातलं काम न थांबवता, मान वर न करता म्हणाला. त्यात राग नव्हता, हट्ट नव्हता, काहीच नव्हतं.  त्याने कूलर चालू केला, गार वारा आला, तो म्हणाला, बघ कसा लागतोय.

तुला वाटत असेल, ही बाई एवढं कौतुक करतेय ते होकार काढून घ्यायला. परवापर्यंत माझाही तोच बेत होता. मला तू हवी होतीस प्रज्ञा, आकाशपेक्षा मलाच जास्त हवी होतीस. तू स्वयंपाकघरात माझ्याशेजारी उभी आहेस, असं मी मनात कितीदा बघून झालेय. तरीही सांगते, या स्थळाला नाही म्हण. साखरपुड्याच्या आधी, पप्पांच्या समोर, तुझ्या स्वतःच्या तोंडाने. मी आमच्या बाजूने मोडू शकले असते, पण मुलाकडच्यांनी मोडलं की लोक म्हणतात मुलीतच काहीतरी खोट निघाली असेल, आणि ते तुझ्या कपाळी बसेल. तू मोडलंस तर बोल आम्हाला लागतील, ते लागू देत. इथे सगळे तुला आगाऊ म्हणतील, शिष्ट म्हणतील, आणि मीही त्यांच्यात बसून मान डोलवीन, नाहीतर ह्यांना संशय येईल. त्याची माफी आत्ताच मागून ठेवते. आकाश काही दिवस नीट जेवायचा नाही, कुणाशी बोलायचा नाही, मग सावरेल. त्याला सांभाळायला मी आहे. तुला सांभाळायला या घरात मी एकटी पुरी पडले नसते.

तुझीच,
हेमलता